आज काय लावताय, अण्णा?

"गिरिजाऽ, बसलं गं तुझं मशीन परत!" मुल्लाणी चाची परसातल्या भिंतीपलीकडून ओरडल्या. "हीरो आत्ता कुठं घोड्यावर चढत होता, तसाच हवेत लटकलाय बघ!"

मी भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठले. जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवलेला कॉम्प्युटर बंद पडला होता. दिवा नाही, आवाज नाही. पत्र्याला हात लावून पाहिला. कोमट होता, तापलेला नव्हता. बटण दाबल्यावर तो काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला.

"जेवून तरी घे," आई म्हणाली. ती दोन्ही हातांत भरलेल्या कळशा घेऊन स्वयंपाकघरात निघाली होती.

"आई, या आठवड्यात हे दुसऱ्यांदा झालं. काहीतरी कारण असणारच."

"उंदीर असंल."

"उंदीर कॉम्प्युटर बंद करतो?"

"आपल्याकडचे काय बी करतात," असं म्हणून आई आत गेली.

अप्पा बाहेर कट्ट्यावर बसले होते. एवढा आरडाओरडा झाला तरी त्यांनी मान वळवली नाही. त्या दिवसांत ते कशाकडेच मान वळवत नसत.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. माझं भौतिकशास्त्रातलं एम.एस्सी. नुकतंच संपलं होतं आणि मी गडहिंग्लजला घरी आले होते. बंगळूरच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी जागा मिळाली होती. येणार की नाही ते महिन्याअखेर कळवायचं होतं. हे मी फक्त आईला सांगितलं होतं. ती खूश झाली, आणि मग पोळपाट धूत असताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू हाईस म्हणून ते ताटावर येऊन बसतात तरी. तू जायच्या आत त्यांचं काहीतरी बघ, बाई." मी मनात ठरवून टाकलं. अप्पा माणसांत आले तर जायचं, नाहीतर इथल्याच एखाद्या ज्युनियर कॉलेजात नोकरी बघायची.

अप्पांची केबल होती. 'कोरे व्हिजन'. गावातल्या अर्ध्याअधिक घरांत त्यांची तार जायची, आणि बाकीच्या चॅनेलांबरोबर त्यांचं स्वतःचंही एक चॅनेल होतं. त्यावर रोज दुपारी एक सिनेमा लागायचा. सकाळपासून आमचा फोन वाजत राहायचा. "बसूअण्णा, आज काय लावताय?" कुणाला देवाचा हवा असायचा, कुणाला मारामारीचा. अप्पा सगळ्यांना "बघतो, बघतो" म्हणायचे आणि शेवटी स्वतःच्या मनानं लावायचे. सिनेमाच्या खाली अक्षरांची पट्टी सरकत असायची. कुणाच्या पोराचा वाढदिवस, कुणाची हरवलेली म्हैस, कुणाच्या दुकानात आलेल्या नव्या साड्या. दुपारची शाळा असल्यानं मला तो सिनेमा फारसा कधी बघायला मिळाला नाही. मला आठवतो तो फोन.

मग घरोघर मोठ्या कंपन्यांचे सेट-टॉप डबे आले, आणि त्यानंतर सगळं फोनवरच दिसायला लागलं. अप्पांनी तारा गुंडाळल्या, कंट्रोल रूमचा गाळा विकला. तिथला कॉम्प्युटर आणि सिनेमांच्या डिस्कनी भरलेली लोखंडी ट्रंक घरी आली. त्या दिवसापासून आमचा फोन वाजायचा बंद झाला आणि अप्पाही.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. साखर बरोबर, रक्तदाब बरोबर. मला वाटलं, ज्या माणसानं आयुष्यभर सिनेमे लावले त्याला सिनेमेच द्यावेत. त्या जुन्या कॉम्प्युटरला नवी हार्डडिस्क घातली. ट्रंकेतल्या डिस्क मऊ फडक्यानं पुसून एकेक सिनेमा त्यावर उतरवून घेतला. मग मीडिया सर्व्हरचं एक मोफत मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. ते सगळ्या सिनेमांची पोस्टर्स शोधून टीव्हीवर ओळीनं मांडतं. आपण बसल्या जागेवरून हवं ते निवडायचं. डिस्क नको, तार नको, वेळ नको.

"अप्पा, हा घ्या रिमोट," मी म्हणाले. "आता कुणावर अवलंबून राहायचं नाही. हवं ते, हवं तेव्हा."

अप्पांनी रिमोट घेतला. पोस्टर्स सरकवत शेवटपर्यंत गेले, मग परत पहिल्यावर आले.

"हे कधी पण बघता येतंय?"

"कधी पण."

"मग आत्ताच कशाला?" असं म्हणून त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि कट्ट्यावर जाऊन बसले.

मुल्लाणी चाची शेजारच्या घरात राहायच्या. घरी ब्लाऊज शिवायच्या आणि मशीन चालवता चालवता टीव्ही बघायच्या. त्यांनी आमच्या टीव्हीवरची पोस्टर्स पाहिली आणि मला पण पाहिजे म्हणून बसल्या. चाचींना दिलं म्हटल्यावर समोरच्या नेसरीकर सरांना नाही कसं म्हणणार? सर चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते, एकटेच राहायचे. अप्पांच्या जुन्या केबलचे खिळे भिंतींवर तसेच होते. त्यांच्यावरूनच मी नेटवर्कची वायर नेली. दोघांच्या टीव्हींच्या मागे एकेक छोटा बॉक्स लावला. गल्लीतली तीन घरं एका कॉम्प्युटरला जोडली गेली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पान असायचं. त्यावर तीन ओळी: कुठल्या घरात कुठला सिनेमा चालू आहे, आणि तो कितव्या मिनिटाला पोचलाय. अप्पांना मी ते पान एकदा दाखवलं होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"ह्या चाची?"

"हो."

"आणि सर दुसराच बघालेत."

"ज्याला जे हवं ते. तीच तर गंमत आहे."

"ही तिसरी ओळ रिकामी का?"

"ते आपलं घर. तुम्ही बघत नाही ना."

अप्पा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले, मग चष्मा खिशात ठेवून निघून गेले. मला वाटलं, हेही वाया गेलं.

प्रयोग तसा फारसा यशस्वी नव्हताच. सर मला म्हणाले, "बाळ, यादी फार मोठी आहे. मी अर्धा वेळ यादीच पाहतो. मग झोप येते." आणि चाची एके दिवशी रिकामी घागर काखेत घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुझ्या मशीननं माझं पाणी पळवलं गं!" त्या हसत होत्या, पण घाम पुसत होत्या. "पिच्चरच्या नादात नळाचं भानच ऱ्हायलं न्हाई. दोन घागरी दे. आता परवापर्यंत तेवढ्यावर काढते."

आमच्या गल्लीत तेव्हा दिवसाआड पाणी यायचं. तेही दुपारी, आणि नेमकं कधी ते पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या मर्जीवर. चाचींचं घर उताराच्या वरच्या टोकाला. त्यांच्याकडे धार बारीक, आणि सगळ्यांत आधी जाते. आईनं त्यांना दोनाच्या चार घागरी दिल्या. अप्पा कट्ट्यावरून बघत होते.

त्यानंतर मशीन बंद पडायला लागलं.

मी मुळापासून सुरुवात केली. उन्हाळा होता, म्हणून उष्णतेवर पहिला संशय. पत्रा काढून ठेवला, शेजारी टेबलफॅन लावला. तरीही बंद. मग विजेचा दाब मोजला; ठीक. प्लगचा बोर्ड बदलला, हार्डडिस्क तपासली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रयोगशाळेत शिकवतात तसं. आई येता-जाता "उंदरांचा पिंजरा आणू का?" असं विचारून जायची, आणि मला तिचा राग यायचा.

शेवटी टेबलफॅननंच उलगडा केला. एका दुपारी चाचींची हाक आली, मी धावत गेले, तर कॉम्प्युटर मेलेला आणि पंखा फिरतोय. दोघंही एकाच बोर्डावर होते. म्हणजे वीज गेली नव्हती, बोर्डही बिघडला नव्हता. फक्त कॉम्प्युटरचा प्लग तिरका बसलेला होता. तो निघाला होता, आणि मी पोचायच्या आत परत खोचलाही गेला होता. उंदीर प्लग परत खोचत नाही.

पुढच्या वेळी मी जेवायला बसलेच नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले. तिथून जरा वाकलं की खालचा कोनाडा दिसतो आणि उघड्या दारातून कट्टाही. गल्ली पेंगत होती. चाचींच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता, त्यात सिनेमातल्या रडण्याचा आवाज मिसळलेला. कट्ट्यावर अप्पांची पाठ.

गल्लीच्या तोंडाशी चावीवाला सायकलवरून उतरला. लांब लोखंडी चावी खड्ड्यात घालून त्यानं फिरवली आणि अप्पांकडे बघून हात वर केला. अप्पांनीही हात वर केला. मग ते उठले. झटकन उठले, मांडीवर हात टेकवून नाही. आत आले, चष्मा लावला, कॉम्प्युटरवरचं ते पान वाचलं, आणि वाकून प्लग काढला.

"अप्पा!"

ते दचकले. प्लग हातातच.

"असा प्लग काढला तर हार्डडिस्क जाईल! सगळे सिनेमे जातील!"

"मग थांबवायचं बटण कुठाय?" अप्पांचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "ह्या पानावर सगळं दिसतंय. कोण बघालंय, कुठं पोचलंय. थांबवायचं बटण तेवढं सापडत न्हाई. चार दिवस शोधलं मी!"

"पण थांबवायचं कशासाठी?"

भिंतीपलीकडून चाचींची हाक आली, "गिरिजाऽ, बसलं गं—" आणि ती मधेच तुटली. मग नळाखाली घागर सरकवल्याचा आवाज. मग धार.

अप्पांनी त्या दिशेला हात केला. "ह्यासाठी."

मी जिन्यावरून खाली आले. आई स्वयंपाकघराच्या दारात कळशी घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

"केबल होती तवा पाण्याच्या दिवशी हे सिनेमा थांबवायचे," ती म्हणाली. "चावीवाला चावी फिरवायच्या आधी कंट्रोल रूममध्ये सांगून जायचा. पडद्यावर पाटी यायची, 'नळाला पाणी आले आहे. मध्यंतर.' की सगळ्या बायका उठायच्या. पाणी गेलं की पुढचा सिनेमा. निम्म्या गावाचं पाणी असंच भरलं जायचं."

"तुला माहीत होतं? की हे बंद करतात?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला सांगायचं ना! मी इथं बोर्ड बदलतेय, विजेचा दाब मोजतेय..."

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस," आई म्हणाली. "आणि हे परत कट्ट्यावर बसले असते."

मी अप्पांकडे वळले. "पण अप्पा, त्यांच्या रिमोटवर आहे की थांबवायचं बटण. ज्याचं त्यानं थांबवावं."

"ज्यानं थांबवायचं, तोच बघत बसलाय न्हवं?" अप्पांनी प्लग खोचला आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "त्याला कसं कळावं, आता उठायला पाहिजे म्हणून? ते दुसऱ्या कुणीतरी बघायला लागतं."

त्या दिवशी ते माझ्याशेजारी बसून जेवले आणि मला प्रश्न विचारत राहिले. सगळ्या घरांत एकच सिनेमा लावता येईल का? एकाच वेळी चालू करता येईल? खाली पट्टी सरकवता येईल?

"येईल," मी म्हणाले, "पण मग सर्व्हरचा उपयोग काय? मग ती केबलच झाली."

"व्हय," अप्पा म्हणाले. "केबलच."

मी आठवडाभर त्यावर काम केलं. आपल्याजवळच्या फायलींचं चॅनेल बनवणारं एक सॉफ्टवेअर मिळालं. पट्टीसाठी मी स्वतः छोटा प्रोग्रॅम लिहिला: अप्पांनी मराठीत टाइप करायचं, ते पडद्याच्या तळाशी सरकत जायचं. आणि एक मोठं बटण, लाल, 'मध्यंतर' असं लिहिलेलं. ते दाबलं की सिनेमा तिन्ही घरांत त्याच क्षणाला थांबायचा. पोस्टर्सची यादी मी लपवून टाकली. इतक्या मेहनतीनं मांडलेली ओळ स्वतःच्या हातानं बंद करताना बरं वाटलं नाही, हे खरं.

चॅनेल सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी आमचा फोन वाजला. आई उचलायला निघाली होती. अप्पा तिच्या आधी पोचले.

"बोला चाची... बघतो... न्हाई, रडका नको, काल रडकाच झाला... सरांना देवाचा पाहिजे होता... बघतो म्हटलं न्हवं, बघतो."

सर दुपारी स्वतः येऊन सांगून गेले, "बसवराज, फार बरं झालं. आता यादी पाहावी लागत नाही. आणि सिनेमा वाईट निघाला तर तुम्हाला नावं ठेवता येतात."

"ठेवा की," अप्पा म्हणाले. "वीस वर्षं तेच ऐकतोय."

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. कॉम्प्युटरवरच्या पानात तिसरी ओळ रिकामीच असायची. सिनेमा चालू असताना अप्पा त्या पानासमोर बसायचे, नाहीतर चावीवाल्यासाठी कट्ट्यावर. आमचा टीव्ही बंद.

"तुम्ही पण बघा ना," मी एकदा म्हणाले.

"केबलवाला पिच्चर बघत बसला तर बघणाऱ्यांकडं कोण बघणार?"

मग पान वर-खाली करत, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुझं बंगळूरचं काय?"

"तुम्हाला आईनं सांगितलं?"

"कशाला सांगायला पाहिजे? घरात तिघं माणसं. त्यातला एक बोलत न्हवता, म्हणजे तो ऐकत होता." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "कळवलंस?"

"अजून नाही. म्हटलं, तुमचं..."

"माझं काय? मला दुपारी काम असतंय." चष्मा परत डोळ्यांवर गेला. "तू बघत बसलीयस माझ्याकडं. त्यात तुझं ऱ्हायलंय. कळव आजच."

मी कळवलं.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात येऊन उभी राहिली. संकेश्वरला जाऊन पुढे बंगळूरची गाडी पकडायची होती. आईनं दह्याची कवडी हातावर ठेवली. अप्पा कुठे दिसेनात. मी आत डोकावले, तर ते कॉम्प्युटरसमोर वाकून, एका बोटानं टाइप करत होते. मग त्यांनी लाल बटण दाबलं.

शेजारचं शिलाई मशीन थांबलं. समोरच्या घराची कडी वाजली. सर बाहेर आले, हातात बादली. चाची आल्या, काखेत घागर.

"आज पाणी कसं काय?" चाची नळाच्या दिशेनं बघत म्हणाल्या. "कालच तर आलं होतं!"

"पाणी नाही, चाची," सर म्हणाले. "पट्टी वाचली नाहीत का? 'गिरिजा बंगळूरला निघाली आहे. रिक्षा दारात आहे. तोवर मध्यंतर.'"

"मग तुम्ही बादली कशाला आणलीत?"

सरांनी हातातल्या बादलीकडे पाहिलं. "वाचायच्या आधी उचलली होती."

सगळे हसले. आई मात्र हसता हसता थबकली. "अहो चाची, पोरगी परगावी निघालीय आणि तुम्ही रिकामी घागर घेऊन समोर!"

"या अल्ला!" चाची गर्रकन वळल्या. "थांब गं गिरिजा, जाऊ नको! आले!"

"बाई, गाडी चुकंल," रिक्षावाला म्हणाला.

"चुकत न्हाई," अप्पा दारातून म्हणाले. "मध्यंतर हाय अजून."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. साठवणीचं पाणी, उद्यापर्यंत पुरवायचं. चाची भरलेली घागर घेऊन बाहेर आल्या आणि रिक्षासमोर उभ्या राहिल्या. सरांनी त्यातलंच तांब्याभर पाणी आपल्या बादलीत ओतून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या शेजारी उभे राहिले. मी अप्पांना नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "जा आता. लोक खोळंबलेत."

संकेश्वरला गाडीला उशीर होता. घराबाहेरून ते पान फोनवर दिसावं अशी सोय मी आधीच करून ठेवली होती. स्टँडवरच्या बाकावर बॅग ठेवली आणि उघडून पाहिलं. चाचींच्या घरी सिनेमा चालू. सरांच्या घरी तोच, त्याच मिनिटाला. आणि तिसऱ्या ओळीत आमचं घर होतं. तोच सिनेमा, तेच मिनिट.

त्या पानावर घर कळतं, माणूस कळत नाही. आई बघत होती की अप्पा, की दोघं, ते विचारायला मी नंबर लावला. रिंग जायच्या आत फोन बंद केला. सिनेमा चालू होता.